मिनी पीसी तापतो तेव्हा: उष्णता कोठे अडते हे शोधण्याची रीत

तळहातावर मावणारा संगणक आता दुकानाच्या गल्ल्याजवळ, दवाखान्याच्या नोंदणी-टेबलावर, अभ्यासिकेत आणि घरच्या टीव्हीखाली सर्रास दिसतो. त्याची लांबी-रुंदी साधारण अकरा-बारा सेंटिमीटर आणि उंची चार-पाच सेंटिमीटर, म्हणजे आतली सगळी जागा जेमतेम अर्धा लिटर. एवढ्या जागेत प्रोसेसर, मेमरी, एसएसडी (माहिती साठवणारी पट्टी), वाय-फाय कार्ड आणि पंखा दाटीवाटीने बसवलेले असतात, आणि अडॅप्टरमधून आत आलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ती बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, आणि नसल्यास ती नेमकी कोठे अडली आहे, हे बहुतेक वेळा यंत्र न उघडताही ओळखता येते. त्यासाठी एक थर्मामीटर, एक मोफत सॉफ्टवेअर आणि अर्धा-पाऊण तास एवढेच लागते. स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याची वेळ त्यानंतरची आहे.

आत कोण किती तापते

सर्वांत जास्त उष्णता प्रोसेसरची. स्वस्त मिनी पीसीत बहुधा आढळणारा इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर २०२३ साली आला. त्यात चार कोअर आहेत आणि त्याची अधिकृत औष्णिक मर्यादा ६ वॅट आहे. मात्र अनेक यंत्रांत उत्पादक ही मर्यादा बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वाढवून १० ते १५ वॅटवर ठेवतात आणि थोड्या वेळापुरती २५ वॅटपर्यंत मुभा देतात. जाहिरातीतला '६ वॅट' हा आकडा वाचून यंत्र कपाटात कोंबणाऱ्यांची फसगत येथेच होते. कार्यालयांतून जुने होऊन बाजारात येणाऱ्या एक लिटर आकारमानाच्या यंत्रांत ३५ वॅटचे 'टी' मालिकेतले प्रोसेसर असतात. एएमडीच्या रायझन ७ ७८४०एचएससारख्या ताकदवान प्रोसेसरसाठी ३५ ते ५४ वॅटची सोय करावी लागते, आणि ती एवढ्याशा डबीत करणे हे खरोखरच कसबाचे काम आहे.

प्रत्येक प्रोसेसरला सोसता येणाऱ्या तापमानाची एक कमाल मर्यादा ठरलेली असते. एन१०० साठी ती १०५ अंश सेल्सिअस आहे, ७८४०एचएससाठी १०० अंश. चिप त्या मर्यादेजवळ पोचली की ती स्वतःच आपला वेग उतरवते, त्यामुळे यंत्र जळत नाही. ते फक्त मंद होते. म्हणूनच तापलेल्या मिनी पीसीची तक्रार 'गरम होतो' अशी क्वचित येते. ती येते 'दुपारी अडकतो', 'व्हिडिओ थांबत थांबत चालतो' अशा शब्दांत, आणि मग दोष विंडोजवर किंवा इंटरनेटवर ढकलला जातो.

दुसरा क्रमांक एनव्हीएमई एसएसडीचा. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशा या पट्टीवर साठवणीच्या चिप्सपेक्षा नियंत्रक चिप अधिक तापते. बहुतेक एसएसडींसाठी कामकाजाची मर्यादा ७० अंश दिलेली असते, आणि तिच्या आसपास किंवा थोडे वर गेल्यावर त्याही आपला वेग कमी करतात. एसएसडी सहसा तळाच्या झाकणालगत असते, जेथे पंख्याची हवा नीट पोचत नाही आणि मदरबोर्डाची ऊब मात्र पोचते. मेमरीची पट्टी स्वतः दोन-तीन वॅटच्या पलीकडे खात नाही. ती तापते ती शेजाऱ्यांमुळे. प्रोसेसरला वीज पुरवणारे नियंत्रक घटक आणि त्यांच्या कॉइलही बऱ्यापैकी गरम होतात, पण त्यांना बहुधा सेन्सर नसल्यामुळे पडद्यावर त्यांचा आकडा दिसत नाही. अडॅप्टर बाहेर असतो म्हणून त्याला विसरू नये: तोही काही वॅट उष्णता सोडतो, आणि यंत्राच्या खाली किंवा पाठीशी दडपून ठेवला तर ती यंत्रालाच मिळते.

उष्णतेचा प्रवास

चिपमधून उष्णता तिच्यावर लावलेल्या थर्मल पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्याच्या चकतीत, तिथून हीट पाइपमधून पातळ पत्र्यांच्या पंख्यांत, त्यांवरून वाहणाऱ्या हवेत आणि शेवटी खोलीत जाते. या पत्र्यांना यापुढे 'फिन' म्हणू, म्हणजे फिरणाऱ्या पंख्याशी गल्लत होणार नाही. चकती, हीट पाइप आणि फिन मिळून जो भाग होतो तो हीटसिंक. साखळीतली एक कडी अडली की तिच्या अलीकडचे सगळे तापते आणि पलीकडचे गार राहते. दुरुस्तीची सगळी युक्ती या एका वाक्यात आहे.

पेस्टचे काम नीट समजून घ्यावे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तांबे हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट सरस आहे. चांगली पेस्टही तांब्याच्या तुलनेत अगदीच दुबळी, पण हवेपेक्षा शेकडो पट चांगली असते. चिप आणि तांबे हे दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खाचा राहतात आणि त्या खाचांतली हवा हुसकावून लावणे एवढेच पेस्टचे काम. त्यामुळे ती जितकी पातळ तितकी चांगली. लोणी लावल्यासारखा जाड थर देणाऱ्याने आपल्या हाताने अडथळा उभा केलेला असतो.

हीट पाइप बाहेरून तांब्याची भरीव पट्टी वाटते, पण ती पोकळ असते. आत थोडेसे पाणी कमी दाबाखाली बंद केलेले असते. ते गरम टोकाला कमी तापमानातच वाफ होते, गार टोकाला पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. साफसफाई करताना ही पट्टी वाकली किंवा चेपली तर तिचा उपयोग संपतो.

आता हवेचा हिशेब. यंत्र ३० वॅट उष्णता टाकत असेल आणि बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम असेल, तर दर सेकंदाला सुमारे १.७ लिटर हवा आतून गेली पाहिजे. यंत्राचे आकारमान अर्धा लिटर धरले, तर आतली हवा सेकंदाला तीनदा बदलावी लागते. बोटाएवढ्या झरोक्यांतून हे घडत असते, म्हणून त्या झरोक्यांसमोर ठेवलेली एक वही किंवा टेबलक्लॉथची घडीही पुरेशी घातक ठरते.

उघडण्यापूर्वी मोजणी

थर्मामीटर खोलीच्या दुसऱ्या भिंतीवर टांगून उपयोग नाही. यंत्र ज्या जागेतून हवा ओढते, तेथेच तो ठेवावा. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो या साधनाने प्रोसेसरचे तापमान, त्याला मिळणारे वॅट आणि एसएसडीचे तापमान वाचता येते; लिनक्सवर तापमानांसाठी एलएम-सेन्सर्स आणि वॅटसाठी टर्बोस्टॅट वापरावे. प्रथम यंत्र पंधरा मिनिटे रिकामे चालू ठेवून आकडे टिपावेत. त्यानंतर सिनेबेंच किंवा स्ट्रेस-एनजीसारख्या चाचणीने सर्व कोअरवर भार टाकावा आणि दुसऱ्या सेकंदाला, एका मिनिटाने, पाच मिनिटांनी व पंधरा मिनिटांनी तापमान आणि वॅट लिहून घ्यावेत. शेवटी चाचणी थांबवून तापमान किती वेगाने उतरते तेही पाहावे.

नुसत्या कमाल तापमानावरून निष्कर्ष काढू नये. जानेवारीत पुण्यात ७० अंश दाखवणारे यंत्र आणि मे महिन्यात अकोल्यात ८५ अंश दाखवणारे यंत्र एकसारखेच निरोगी असू शकते. महत्त्वाचा असतो तो खोलीच्या वर चढलेला पारा. त्या फरकाला वॅटने भागले की यंत्राची खरी प्रकृती कळते: खोली ४० अंश, चिप ८५ अंश आणि वीज १५ वॅट असेल, तर दर वॅटमागे ३ अंश. हा आकडा ऋतू बदलला तरी फारसा बदलत नाही. तो वाढला तर यंत्रात बिघाड आहे, आणि तो तसाच असून चिप तापली तर खोली गरम आहे, एवढे निश्चित समजावे.

तापमान कसे चढते, यातही बरेच काही सांगितलेले असते. भार टाकल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत थोडी उडी येणारच, पण ती एकदम मोठी असेल आणि भार काढताच पारा तितक्याच झपाट्याने कोसळत असेल, तर अडथळा चिपजवळ आहे, म्हणजे पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. सुरुवात सौम्य असून पारा पाच-दहा मिनिटे हळूहळू चढतच राहिला आणि थांबवल्यावरही तसाच रेंगाळत उतरला, तर चिपपासून धातूपर्यंतची वाट ठीक आहे. धातूकडून हवा उष्णता उचलत नाही. ताकदवान प्रोसेसरमध्ये लहानशा चिपवर ५० वॅट पडतात, तेथे पहिली उडी मुळातच मोठी असते. म्हणून यंत्र नवे असतानाच एकदा ही मोजणी करून ठेवणे फार उपयोगी पडते.

हाताचा पंजाही साधन म्हणून वापरावा. मागच्या झरोक्यासमोर तो धरल्यावर चिप ९५ अंशांवर असूनही जोराची पण कोमट हवा येत असेल, तर पेस्टचा संशय घ्यावा. हवा कढत पण मंद येत असेल, तर धूळ किंवा दमलेला पंखा. आणि आत ओढली जाणारी हवाच गरम लागत असेल, तर यंत्राची जागा चुकली आहे.

एका अभ्यासिकेतले यंत्र

विदर्भातल्या एका अभ्यासिकेत नोंदणीसाठी ठेवलेला एन१०० चा मिनी पीसी उन्हाळ्यात रोज दुपारी दोनच्या सुमारास मंदावत असे. स्थानिक दुरुस्तीवाल्याने त्यावर दोनदा नव्याने विंडोज टाकून दिले होते आणि दोन्ही वेळा पैसे घेतले होते. विंडोज टाकायला तो यंत्र आपल्या दुकानात नेई, आणि तेथे टेबलावर ते अर्थातच उत्तम चालत असे. मी गेलो तेव्हा ते लाकडी कपाटात, काचेच्या दारामागे, स्वतःच्या अडॅप्टरवर बसवलेले होते. खोलीत ३९ अंश होते. कपाटात थर्मामीटर ठेवला आणि वीस मिनिटांनी पाहिले तर आत ५२. पंधरा वॅटच्या भाराखाली चिप ९६ अंशांवर होती.

काचेचे दार उघडले, अडॅप्टर खाली जमिनीवर घेतला आणि बाकी काहीही न करता पुन्हा मोजले, तेव्हा चिप ८४ वर आली. मग यंत्र उघडले. बाहेरची जाळी स्वच्छ होती, कारण ती कोणीतरी नेमाने पुसत असावे; पण पंखा आणि फिन यांच्या मधल्या फटीत, बाहेरून अजिबात न दिसणाऱ्या जागी, धुळीची करड्या रंगाची नमद्यासारखी चिकट पट्टी तयार झाली होती. चिमट्याने एक टोक धरले तर ती अख्खी सोलून निघाली. पेस्ट खडूसारखी झाली होती, तीही बदलली. संध्याकाळी खोली ३९ अंशांवर असतानाच शेवटची मोजणी घेतली: ७३ अंश, म्हणजे दर वॅटमागे २.३ अंशांच्या आसपास. लक्षात घेण्याजोगे हे की अर्ध्याहून अधिक फायदा दार उघडण्याने आणि अडॅप्टर हलवण्यानेच झाला होता आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागला नव्हता.

बाहेरून आत

म्हणून उपायांचा क्रम नेहमी बाहेरून आत असावा. यंत्र मोकळ्या जागी ठेवावे आणि हवा आत घेणाऱ्या व बाहेर टाकणाऱ्या बाजूंना किमान चार बोटे अंतर सोडावे. हवा तळातून ओढणाऱ्या यंत्रांचे रबरी पाय निघून गेले असतील तर ते आधी बसवावेत. त्या चार-पाच मिलिमीटरच्या उंचीवर सगळा श्वास अवलंबून असतो. मॉनिटरच्या मागे पट्टीने यंत्र टांगण्याची सोय देखणी आहे, पण मॉनिटरची स्वतःची गरम हवा वर चढते, त्यामुळे ते शक्य तितके खाली आणि बाहेर टाकणारा झरोका वर किंवा बाजूला येईल असे लावावे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात डेझर्ट कूलर असतो. त्याचा झोत थेट यंत्रावर घेऊ नये, कारण त्या ओलसर हवेने धूळ फिनांवर चिखलासारखी चिकटते. कोकणपट्टीत आणि गोव्यात तापमान सौम्य असले तरी खारी, दमट हवा धातूच्या जोडांना खाते, म्हणून तेथे यंत्र महिनोन् महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेले बरे.

जागा बदलूनही आकडा खाली येत नसेल तर यंत्र उघडावे. वॉरंटी असेल तर सीलचे स्टिकर तुटल्याने ती जाते का, हे आधी पाहून घ्यावे. अडॅप्टर काढून पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे आणि अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी अर्थिंग असलेल्या एखाद्या धातूला हात लावावा. तळाचे चार स्क्रू काढल्यावर झाकण झटक्याने ओढू नये. अनेक यंत्रांत झाकणाला २.५ इंची डिस्कची रिबन केबल किंवा वाय-फायच्या अँटेनाची केसासारखी तार जोडलेली असते. झाकण उघडताच समोर मेमरी आणि एसएसडी दिसतात, पण पंखा व हीटसिंक बहुधा मदरबोर्डाच्या दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे बोर्ड पूर्ण बाहेर काढावा लागतो. प्रत्येक टप्प्याला मोबाइलने फोटो काढावा आणि स्क्रू काढलेल्या क्रमानेच कागदावर चिकटवून ठेवावेत. लांबीने वेगळा असलेला स्क्रू चुकीच्या भोकात घातला तर तो बोर्डाला इजा करू शकतो.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढावी, मात्र ब्लोअर चालवताना पंख्याचे पाते बोटाने किंवा काडीने धरून ठेवावे, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. तोंडाने फुंकू नये. त्या फुंकरीत थुंकीचे तुषार असतात. पंखा हाताने फिरवल्यावर अडखळत असेल किंवा घरघरत असेल, तर तेल घालण्याच्या भानगडीत न पडता त्याच मापाचा, तितक्याच तारांचा नवा पंखा बसवावा.

पेस्ट बदलायची असेल तर हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून सैल करावेत आणि हीटसिंक उचकटण्याऐवजी किंचित डावी-उजवीकडे हलवून सुटा करावा. एन१०० किंवा ७८४०एचएससारख्या प्रोसेसरांवर धातूची टोपी नसते, उघडी चकचकीत चिप असते आणि तिचा कोपरा टवकला तर सगळा बोर्ड गेला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसावी. एन१०० सारख्या छोट्या चिपवर ज्वारीच्या दाण्याएवढी आणि मोठ्या चिपवर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. उघड्या चिपचा एकही कोपरा कोरडा राहू नये म्हणून ती प्लास्टिकच्या पट्टीने पातळ पसरून घेणे चांगले. स्क्रू पुन्हा आवळताना तोच समोरासमोरचा क्रम ठेवावा. गॅलियमयुक्त लिक्विड मेटल मिनी पीसीत वापरूच नये: ते वीजवाहक आहे, ओघळले तर शॉर्ट करते आणि अ‍ॅल्युमिनियमला तर अक्षरशः पोखरते.

थर्मल पॅडच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीच्या बाबतीत जाडी सांभाळावी. मूळ पॅड १ मिलिमीटरचा असताना १.५ मिलिमीटरचा लावला, तर हीटसिंक त्या पॅडवरच टेकतो आणि चिपपर्यंत पोचत नाही, मग उत्तम पेस्टही निरुपयोगी. एसएसडीला झाकणाशी जोडणारा पॅड लावताना त्याच्या दोन्ही बाजूंची प्लास्टिकची पातळ फिल्म काढली आहे ना, हे उजेडात धरून पाहावे. नव्या यंत्रांतही ती तशीच राहिलेली मला आढळली आहे. एसएसडीवरचे छापील स्टिकर मात्र सोलू नये, त्याने वॉरंटी जाते.

वॅटच कमी करणे

वाट मोकळी करूनही चिप तापतच असेल तर उष्णता निर्माणच कमी होऊ द्यावी. बायॉसमध्ये पीएल१ ही सततच्या विजेची आणि पीएल२ ही थोड्या वेळापुरत्या विजेची मर्यादा असते. दर वॅटमागे २.३ अंश धरले, तर पीएल१ १५ वरून १० वॅटवर आणल्याने चिप साडेअकरा अंशांनी उतरते. वेग मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण शेवटचे काही मेगाहर्ट्झ मिळवण्यासाठी प्रोसेसर व्होल्टेज वाढवतो आणि विजेचा खरा उधळेपणा तेथेच असतो. बायॉसमध्ये ही सोय नसेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जेथे प्रोसेसरची कमाल स्थिती दिसते तेथे ती १०० ऐवजी ९९ टक्के करावी. त्याने इंटेलच्या यंत्रांत टर्बो, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून चढवतो तो जादा वेग, बंद होतो. बिलिंग, टायपिंग किंवा व्हिडिओ पाहणे अशा कामात फरक जाणवणारही नाही. व्हिडिओ संपादन करणाऱ्याने मात्र हा मार्ग शेवटीच धरावा.

पंखा नसलेल्या यंत्रांत सगळा डबाच हीटसिंक असतो, त्यामुळे त्याला हात लावल्यावर चटका बसणे हे बिघाडाचे लक्षण नसून उष्णता बाहेर येत असल्याचे लक्षण असते. त्याच्या बाहेरच्या धारा उभ्या राहतील असे ते लावावे, म्हणजे गरम हवेला वर सरकायला जागा मिळते. ४३ अंशांच्या खोलीत अशा यंत्राला बाहेरून मंद हवा देणारा एक छोटा यूएसबी पंखाही बराच आधार देतो.

सफाईनंतर पुन्हा तीच चाचणी, तितकाच वेळ करावी. तारीख, खोलीचे तापमान, वॅट, चिपचे आणि एसएसडीचे तापमान असे पाच आकडे चिठ्ठीवर लिहून ती यंत्राच्या तळाला, झरोका सोडून, चिकटवावी. पुढची मोजणी गुढीपाडव्याच्या आधी उरकावी, म्हणजे पारा चाळिशीपार जाण्यापूर्वी पंखा मागवायला वेळ मिळतो.